रद्द झालेले वॉरंट पोलीस ठाण्याच्या दप्तरातूनही निघाले पाहिजे

प्रति,
मा. प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश, सोलापूर
मा. पोलीस आयुक्त, सोलापूर शहर
मा. पोलीस अधीक्षक, सोलापूर ग्रामीण
मा. सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, सोलापूर

महोदय,

आपल्या नावाने कोर्टाचे वॉरंट निघाले आहे का, हे अटकेची भीती न बाळगता विचारता येईल अशी जागा सोलापुरातल्या साध्या माणसाला आजवर कुणी दाखवलेली नाही. आणि कोर्टाने वॉरंट रद्द केले तरी ते ठाण्याच्या रजिस्टरातून निघाले की नाही, हे त्याला कळत नाही. या दोन गोष्टींसाठी हे पत्र आहे. तुम्हा चौघांना एकत्र लिहिते आहे, कारण एका कार्यालयात विचारले की दुसऱ्याकडे पाठवतात, दुसऱ्यात विचारले की तिसऱ्याकडे.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते. आईचे आयुष्य विड्या वळण्यात गेले. धाकटा भाऊ यंत्रमागावर आहे. बरोबरच्या कामगाराच्या कर्जाला तो जामीनदार राहिला आणि सावकारी करणाऱ्याने त्याच्याकडून सही केलेला कोरा चेक ठेवून घेतला. हप्ते थकले, चेक बँकेतून परत आला आणि त्याच्यावर चेक न वटल्याचा, म्हणजे कलम १३८ चा, खटला दाखल झाला. समन्स गेले शहराच्या पूर्व भागातल्या जुन्या भाड्याच्या खोलीवर. आमचे बिऱ्हाड तोवर कुंभारीला रे नगरात आले होते. समन्स परत गेले, मग जामीनपात्र वॉरंट निघाले, मग अजामीनपात्र. आम्हाला पहिली खबर लागली ती कारखान्याच्या मालकाला आलेल्या फोनवरून.

इथपर्यंत माझी तक्रार फारशी नाही. भाऊ वकील घेऊन स्वतः कोर्टात उभा राहिला. न्यायाधीशांनी अर्ज ऐकला, खर्चाची रक्कम भरायला लावली, जामीन घेतला आणि वॉरंट रद्द केले. त्यानंतर त्याने एकही तारीख चुकवली नाही. आणि तरीही काही महिन्यांनी एका शनिवारी संध्याकाळी, पाळी सुटताना, कारखान्याच्या दारातून त्याला त्याच जुन्या वॉरंटवर उचलले. तो फोनवर एवढेच म्हणाला, "अक्का, कोर्टानं तर रद्द केलंय की, मग हे कशाला न्यायलेत मला?" ठाण्यातल्या अंमलदाराकडे वॉरंट होते, रद्द झाल्याचा कागद नव्हता. आमच्याकडेही नव्हता, कारण तो कुणी दिलाच नव्हता. वकिलांचा फोन बंद, कोर्टाला सुट्टी. रात्र कोठडीत गेली. दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या कोर्टापुढे उभे केले तेव्हा तो सुटला. सोमवारी कामावर गेला तर त्याच्या मागावर दुसरा माणूस लागलेला होता.

कोणते ठाणे, कोणते न्यायालय, हे मी इथे लिहीत नाही. त्या रात्री ज्या अंमलदाराने त्याला आत घेतले त्याने हातातल्या कागदाप्रमाणे काम केले. मला एका माणसाला शिक्षा नको आहे. तो कागद त्याच्या हातात राहिला कसा, याचे उत्तर हवे आहे.

हे काही नवीन नाही. १५ ऑगस्ट २००२ ला, स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत, मुंबईतल्या एका वकिलांना आधीच रद्द झालेल्या अजामीनपात्र वॉरंटवर अटक झाली होती. ते प्रकरण रघुवंश देवानचंद भसीन विरुद्ध महाराष्ट्र शासन या नावाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि सप्टेंबर २०११ मध्ये न्यायालयाने वॉरंटांबाबत निर्देश घालून दिले. वॉरंट छापील, क्रमांक असलेल्या नमुन्यावरच निघावे. न्यायाधीशांची सही वाचता येईल अशी असावी. प्रत्येक न्यायालयाने वॉरंटांचे रजिस्टर ठेवावे, तसेच रजिस्टर पोलीस ठाण्यात असावे, आणि प्रत्येक वॉरंट नाव घालून एका अधिकाऱ्याच्या हवाली करावे. वॉरंट रद्द झाले तर त्याची नोंद खटल्याच्या कागदांत आणि रजिस्टरात व्हावी, आदेशाची प्रत संबंधित ठाण्याकडे जावी, वॉरंट बजावणीविना लगेच परत यावे, ते परत आल्याची तारीख नोंदवावी. आणि त्या आदेशाची प्रत आरोपीलाही द्यावी.

महोदय, ही शेवटची ओळ मी पुन्हा लिहिते: रद्द करण्याच्या आदेशाची प्रत आरोपीलाही द्यावी. तेवढा एक कागद माझ्या भावाच्या खिशात असता तर तो त्या रात्री घरी जेवला असता. मुंबईचा तो माणूस वकील होता म्हणून त्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाता आले. यंत्रमाग कामगार तिथवर जात नाही. आता कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे, सोलापूरचे दावे तिथे चालतात, मुंबईची वाट थोडी जवळ आली. पण ठाण्याच्या रजिस्टरात एक ओळ खोडण्यासाठी गरिबाने उच्च न्यायालयाची पायरी चढावी, हे मला मान्य नाही. ते काम इथल्या इथे व्हायचे आहे.

आता एकेक गाऱ्हाणे मांडते.

सर्वांत आधी पत्ता. गेल्या वीस वर्षांत सोलापूरच्या कष्टकऱ्यांचा पत्ता जेवढा बदलला तेवढा क्वचितच कुठे बदलला असेल. २००६ मध्ये कुंभारीला विडी कामगार बायकांच्या दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली. मग रे नगरची तीस हजार घरांची योजना आली, तिच्यातल्या पंधरा हजार घरांचे वाटप १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते झाले. साखर पेठ, जोडभावी पेठ, अशोक चौकाच्या आसपासच्या खोल्या सोडून माणसे इकडे आली. ही घरे सरकारच्या यादीत आहेत. पण खटल्यातला पत्ता चेकच्या वेळचा, कर्जाच्या अर्जावरचा किंवा जुन्या रेशनकार्डावरचा. वरून हद्द बदलते ती निराळीच: पेठांतली माणसे पोलीस आयुक्तांच्या हद्दीत होती, कुंभारीला आली की ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत गेली. शहरातल्या ठाण्यात वॉरंट पडून राहते, "सदर इसम पत्त्यावर मिळून आला नाही" असा शेरा बसतो, आणि कोर्टाच्या नजरेत तो माणूस फरारी होतो. तो रोज त्याच रस्त्याने कामाला जात असतो.

सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात सांगितले आहे की आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, आणि माणूस मुद्दाम टाळतो आहे अशी खात्री पटली तरच अजामीनपात्र. समन्स पोचलेच नाही आणि टाळले, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ती खात्री करण्यासाठी नवा पत्ता शोधावा लागतो. तो कुणी शोधायचा, हे आम्हाला कुणी सांगत नाही.

समन्स घरी येते तेव्हाचेही ऐका. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत घरातल्या प्रौढ पुरुषाकडेच समन्स देता येत होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्या कलम ६६ मधून ती पुरुषाची अट गेली. आता घरातली कोणतीही प्रौढ व्यक्ती समन्स घेऊ शकते. आमच्या वस्तीत दिवसा घरी असतात त्या विड्या वळणाऱ्या बायका. त्यांना आजही दारात विचारले जाते, "घरात पुरुष माणूस नाही का?" आणि कागद तसाच परत जातो. कायदा बदलला हे बजावणीला येणाऱ्या माणसाला सांगायला किती वेळ लागतो?

तपासायचे कुठे, हा माझ्या मते सगळ्यांत जाचक प्रश्न आहे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर नावाने खटला शोधता येतो, सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असेल तर फारच सोपे. ही सोय चांगली आहे आणि मी ती वस्तीतल्या कित्येकांना उघडून दाखवली आहे. पण तिथे नाव लिहायचे इंग्रजी स्पेलिंगमध्ये, वर्ष निवडायचे, आणि पूर्व भागात एकाच नावाची, एकाच आडनावाची माणसे गल्लोगल्ली आहेत. कुणाचे नाव तेलुगू वळणाने लिहिलेले, कुणाचे मराठी. खटला सापडला तर पुढच्या तारखेपुढे इंग्रजी आद्याक्षरांत एक शेरा असतो. त्याचा अर्थ अजामीनपात्र वॉरंट निघाले आहे असा होतो, हे विडी कामगार बाईला कसे कळावे? शिवाय तिथे पक्षकारांची नावे असतात. साक्षीदाराच्या नावाने निघालेले वॉरंट नावाने शोधून सापडत नाही. अपघात पाहिला म्हणून साक्षीदार झालेला रिक्षावाला तारखेला गेला नाही तर त्याच्यावरही वॉरंट निघू शकते, आणि त्याला ते कळण्याची वाट म्हणजे दारात आलेला पोलीस.

मग लोक सांगतात, ठाण्यात जाऊन विचार. महोदय, ज्याच्यावर अजामीनपात्र वॉरंट आहे त्याने ठाण्यात जाऊन "माझ्यावर वॉरंट आहे का" विचारायचे म्हणजे स्वतःला आत घालून घ्यायचे. म्हणून कुणी जात नाही. माणूस ओळखीच्या कुणाला तरी पकडतो, तो "बघतो" म्हणतो, पैसे मागतो, आणि काही कळत नाही ते नाहीच. कायद्याने वॉरंटला मुदत नाही. नव्या संहितेच्या कलम ७२ प्रमाणे ते बजावले जाईपर्यंत किंवा काढणाऱ्या न्यायालयाने रद्द करेपर्यंत चालूच राहते. खटला डॉर्मंट फाइलला गेला, म्हणजे आरोपी मिळत नाही म्हणून बाजूला ठेवला गेला, माणूस विसरला, तरी कागद जिवंतच असतो. हजर व्हायची इच्छा असलेला माणूस केवळ भीतीने वर्षानुवर्षे दूर राहतो. कोर्टाचेही त्यात काय भले होते?

या भीतीवर आता चोर जगतात. "तुमच्या नावाने वॉरंट आहे, पैसे भरा नाहीतर अटक", असे फोन आणि खाकी गणवेशातले व्हिडिओ कॉल येतात. डिजिटल अटक नावाची गोष्ट कोणत्याही कायद्यात नाही, फसवणूक झाली तर १९३० वर फोन करा, हे पोलीस सांगतात ते बरोबरच आहे. पण फोन आलेल्या माणसाने खरे-खोटे पडताळायचे कुठे? विचारायला चौकशीची खिडकी नाही म्हणून तर तो घाबरून पैसे पाठवतो.

एक गोष्ट मात्र मला स्पष्ट लिहायची आहे. वॉरंट वाईट, असे मी म्हणत नाही. आमच्याच गल्लीतल्या एका बाईला पोटगीचा हुकूम मिळाला आहे. नवरा भिवंडीला मागावर काम करतो, ते सगळ्यांना माहीत आहे. थकलेल्या पोटगीसाठी कोर्ट वॉरंट काढते, आणि ते परत येते, "मिळून आला नाही". दोन लेकरे आणि हजारी विड्यांची मजुरी, यावर तिचे घर चालते. प्रत्येक तारखेला ती मजुरी बुडवून कोर्टात जाते आणि वॉरंट बजावले गेले नाही एवढेच ऐकून येते. जो सापडायला हवा तो सापडत नाही, आणि जो स्वतःहून हजर झाला, ज्याचे वॉरंट रद्द झाले, तो कारखान्याच्या दारातून उचलला जातो. दोन्हीचे मूळ एकच आहे. वॉरंट कुणाच्या हाती दिले, कधी परत आले, का परत आले, हे रजिस्टर लावून पाहिले जात नाही. रजिस्टर नीट ठेवले तर त्या बाईला न्याय मिळेल आणि माझ्या भावासारख्यांची सुटका होईल. पोलिसांचाही फुकटचा हेलपाटा वाचेल.

सुट्टीच्या तोंडावरच्या अटकेबद्दलही बोलले पाहिजे. चोवीस तासांच्या आत कोर्टापुढे उभे करणे राज्यघटनेने बंधनकारक केले आहे आणि ते बहुधा पाळले जाते. पण सुट्टीच्या कोर्टापुढे मूळ खटल्याचे कागद नसतात. वॉरंट रद्द झाले होते हे तिथे दाखवणार कसे? जुन्या चेकच्या खटल्यातला, ठाव-ठिकाणा माहीत असलेला, रोज कामावर जाणारा माणूस शनिवारी संध्याकाळीच का उचलावा लागतो, याला कायद्याचे कोणतेही कारण मला सापडलेले नाही.

जामीनपात्र वॉरंटात तर रात्र कोठडीत काढायची गरजच नसते. वॉरंटवर लिहिलेल्या रकमेचा जामीन दिला की अंमलदाराने माणसाला सोडायचे असते. वॉरंटात काय लिहिले आहे हे सांगणे आणि मागितले तर वॉरंट दाखवणे, हेही त्याच्यावर बंधनकारक आहे. आमच्या लोकांना हे माहीत नसते, आणि ठाण्याच्या भिंतीवर ते लिहिलेले मी पाहिलेले नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत:

१. न्यायालयाच्या आवारात, शक्यतो विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात किंवा ई-सेवा केंद्रात, वॉरंट चौकशीची एक खिडकी सुरू करावी. ओळखपत्र दाखवणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या नावाची माहिती द्यावी: कोणते न्यायालय, खटला क्रमांक, वॉरंटचा प्रकार, पुढची तारीख. ही खिडकी पोलीस ठाण्यात नको. आणि नावांची यादी भिंतीवर किंवा इंटरनेटवर लावू नये, कारण खोट्या खटल्यातल्या माणसाची आणि विशेषतः बायकांची त्यात नाहक बदनामी होते.

२. वॉरंट रद्द झाले की आदेशाची शिक्क्याची प्रत त्याच दिवशी, नकलेचा वेगळा अर्ज न करता, त्या माणसाच्या हातात द्यावी. सर्वोच्च न्यायालयाचा निर्देश असताना यासाठी नवा नियम करायची गरज नाही.

३. तोच आदेश त्याच दिवशी ठाण्याला ई-मेलने जावा, आणि ठाण्याच्या बारनिशीत नोंद होऊन समन्स-वॉरंट पाहणाऱ्या अंमलदाराने रजिस्टरात लाल शाईने तो शेरा मारावा. दर महिन्याला न्यायालयाचे आणि ठाण्याचे रजिस्टर समोरासमोर ठेवून ताडून पाहावे. शहर आणि ग्रामीण दोन्ही पोलिसांनी.

४. अटक करण्याआधी, निदान जुन्या वॉरंटच्या बाबतीत, ते अजून चालू आहे का हे अंमलदाराने न्यायालयाकडून किंवा ई-कोर्ट्सवरून पाहून घ्यावे आणि पाहिल्याची वेळ नोंदवावी.

५. रे नगर आणि गोदूताई वसाहतीत विधी सेवा प्राधिकरणाने पत्ता-नोंदणीचे शिबिर घ्यावे. ज्यांचे खटले चालू आहेत त्यांचे नवे पत्ते आणि मोबाइल क्रमांक न्यायालयात नोंदवून घ्यावेत. मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड बोलणारे स्वयंसेवक तिथे असावेत.

६. राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी चेकच्या आणि तडजोडीयोग्य खटल्यांतल्या जुन्या वॉरंटांसाठी वेगळा कक्ष ठेवावा. स्वतःहून येणाऱ्याला दारातच अटक होणार नाही, त्याला आधी न्यायाधीशांपुढे अर्ज करता येईल, असे जाहीर करावे. वॉरंट रद्द करायचे की नाही हा अधिकार न्यायाधीशांचाच आहे, त्यात मी काही मागत नाही. तिथवर पोचण्याची वाट तेवढी मोकळी करा.

७. पोटगीच्या वॉरंटांसाठी दोन्ही पोलीस दलांनी एकेक अधिकारी नेमावा. परजिल्ह्यात गेलेल्या माणसाचा पाठपुरावा त्याने करावा आणि त्या बाईला तारखेआधी फोनवर सांगावे की काय झाले.

हे पत्र वाचणाऱ्या सोलापूरकरांनाही दोन गोष्टी सांगते. वॉरंट असल्याचे कळले तर पळू नका, वकिलामार्फत त्याच न्यायालयात रद्द करण्याचा अर्ज द्या, आणि रद्द झाले की आदेशाची प्रत मागून घ्या, फोटो काढून मोबाइलमध्येही ठेवा. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. बाई असाल, अनुसूचित जाती-जमातीच्या असाल, कारखान्यात कामगार असाल किंवा कोठडीत असाल तर मोफत वकील हा १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तुमचा हक्क आहे.

महोदय, माझ्या भावाचा खटला अजून चालू आहे. त्यात जो निकाल लागेल तो आम्ही मान्य करू. वरच्या मागण्यांपैकी कोणती कधीपासून लागू होईल आणि कोणती का होणार नाही, एवढे लेखी उत्तर आपण चौघांनी मिळून न्यायालयाच्या आणि प्रत्येक पोलीस ठाण्याच्या नोटीस बोर्डावर मराठीत लावावे, ही विनंती.

आपली,
रे नगर, कुंभारी येथील एक रहिवासी